कोसमघाटच्या कोर्टात कोणी खोटं बोलत नाही

६ जून

आज कोसमघाटच्या दिवाणी व फौजदारी न्यायालयाचा पदभार घेतला. माझ्या आधी इथे बसलेल्या न्यायाधीशांची नावं भिंतीवरच्या फळ्यावर रंगवलेली आहेत. सगळे 'श्री'. पेंटर स्टुलावर चढला, ब्रश बुडवला आणि खाली बघून म्हणाला, "बाईसाहेब, श्रीमती लिहू का कुमारी?" मी म्हटलं, "दिव्यानी निमगडे एवढंच लिहा." त्याला ते पटलं नसावं. त्याने नावाआधी थोडी जागा सोडली. पुढेमागे लागली तर असू दे म्हणून.

इमारत जुनी आहे, कौलारू. मागच्या भिंतीपासून जंगलच सुरू होतं. न्यायाधीशाच्या दालनाला पुरुषांची मुतारी तेवढी जोडलेली आहे. मला अंगण ओलांडून माझ्या क्वार्टरमध्ये जावं लागतं आणि तेवढा वेळ सगळं कोर्ट माझ्या परतण्याची वाट बघत उभं राहतं. कोर्टाचे मोठे बाबू गुणवंतराव म्हणाले, "इथी आजवर बाई साहेब आलीच नाई ना, कोणाच्या ध्यानात येनार?" निवृत्तीला आलेला, सरळ माणूस वाटला.

आईला फोन केला. ती आणि बाबा सिंदेवाहीलाच असतात. बाबांनी भात संशोधन केंद्रावर रोजंदारीने रोवणी करून मला शिकवलं. आई म्हणाली, "दुपारी पन फाटकाले कडी लावत जाय." बाबा मागून ओरडले, "अवं, जज हाय ते आता!"

न्यायाधीशाने गावात कोणाकडे चहालाही जायचं नसतं. मग बोलायचं कोणाशी? म्हणून लिहायला घेतलं आहे.

२९ जून

बांधाच्या वादात आज कुलदीप नावाचा तिशीतला शेतकरी साक्षीला उभा होता. इतकं सहज खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. बांध फोडला त्या दिवशी आपण शेतातच होतो, म्हणे. त्याच दिवशी त्याने आरमोरीच्या बाजारात धान विकल्याची पावती समोर पडली होती. मी पुन्हा विचारलं. तो हसला आणि पुन्हा तेच बोलला.

चिडायचं नाही, हे प्रशिक्षणात शिकवलं आहे. मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग म्हटलं, "ठीक आहे. तुमचं झालं. जा आता."

२१ जुलै

कुलदीपला वाघाने मारलं. पावसानंतर रानात सात्या निघतात, त्या अळंब्या काढायला तो चार-पाच जणांबरोबर गेला होता. वाघाने बरोबर मधल्या माणसाला उचललं.

गुणवंतरावांनी हे सांगितलं तेव्हा मी दालनाच्या दारात उभी होते. व्हरांड्यात पक्षकार, वकील, पोलीस, सगळे होते. सगळे माझ्याकडेच बघत होते. मी "वाईट झालं," म्हटलं आणि आत गेले. अशा वेळी माणसं वरिष्ठाच्या तोंडाकडे बघतात. आपण काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं.

दुपारी त्याच दाव्यातला पुढचा साक्षीदार आला. त्याने पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि शपथ व्हायच्या आतच म्हणाला, "साहेब, मले जे पढवून आणलं ते मी सांगत नाई. जे झालं तेच सांगतो." त्याचा वकील खाली मान घालून बसला.

नोकरी लागल्यापासून इतका समाधानाचा दिवस आला नव्हता. शांतपणे ऐकून घेतलं की माणूस खरं बोलतो, हे खरंच आहे.

१२ ऑगस्ट

जुन्या फायली भराभर मिटत आहेत. वर्षानुवर्षं भांडणारे भाऊ पहिल्याच तारखेला तडजोड घेऊन येतात. जिल्ह्याच्या बैठकीत माझ्या कोर्टाचा उल्लेख झाला. फितूर साक्षीदार जवळपास नाहीतच.

आमच्या बारमध्ये रंजीता उसेंडी ही एकच तरुण वकील बाई आहे. तिच्या गावातली ती पहिली पदवीधर. आज युक्तिवाद संपल्यावर ती क्षणभर थांबली, काहीतरी सांगायचं असल्यासारखी. मग म्हणाली, "काही नाही, मॅडम." मी आग्रह केला नाही. वकिलाशी खासगीत बोलणं बरं दिसत नाही.

फाटकाजवळ येनाचं मोठं झाड आहे. इकडचे गोंड लोक त्या झाडाला मानतात. त्यामुळे कधी सकाळी तिथे तांदळाचे दाणे, मोहाची सुकलेली फुलं ठेवलेली दिसली तर मी काही म्हणत नाही. आज ती माझ्या पायरीवर होती. वाऱ्याने आली असतील. पण दाणे वाऱ्याने असे गोल मांडले जात नाहीत, हेही मला दिसलं. स्वयंपाकाला येणाऱ्या नीलाबाईंनी ते न झाडता बाजूने पाय टाकला. मी स्वतः झाडून काढले.

५ सप्टेंबर

आज माझा तोल गेला. अपघाताच्या खटल्यातला आरोपी, इथल्या बाजारपेठेतला बडा दुकानदार. गाडी आपण चालवतच नव्हतो, असं म्हणत त्याने आपल्या नोकराचं नाव पुढे केलं. तो नोकर दारात उभा राहून थरथरत होता. मी म्हटलं, "शेठ, तोंड जपून वापरा. पुढेही लागणार आहे."

न्यायासनावरून असं बोलायला नको होतं.

९ सप्टेंबर

दुकानदाराच्या वकिलाने तारीख मागितली. सोबत डॉक्टरचा दाखला. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात. तोंड वाकडं झालं आहे, बोलता येत नाही.

अर्ज देताना त्या ज्येष्ठ वकिलाचा हात माझ्या हाताला लागू नये म्हणून त्याने कागद टेबलावर ठेवून बोटाने पुढे सरकवला. मी तारीख दिली. त्याने पुटपुटत विचारलं, "मॅडम, बरा होईल ना?" मला काय ठाऊक? मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील." तो ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघत होता, ती मला आवडली नाही. जसं काही मी उत्तर लपवते आहे.

१७ ऑक्टोबर

बुधरी नरोटेचं प्रकरण आज पहिल्यांदा बोर्डावर आलं. येरमटोल्याची विधवा, साठीच्या पुढची. तिच्या गावात वासरं मेली, मग दोन घरांत लेकरं तापाने पडली. गावाने ठरवलं की ही करणी करते. बापूराव आणि आणखी दोघांनी तिला झाडाला बांधून मारलं. मंत्र म्हणता येऊ नये म्हणून समोरचे दात पाडले. जादूटोणा विरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

ती व्हरांड्यात बाकाच्या टोकाला बसली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि गर्दी तर उभी राहायला जागा नाही एवढी. मी जवळून गेले तेव्हा सगळे मागे सरकले, आमच्या दोघींच्या भोवती एक मोकळं वर्तुळ झालं. बुधरीने वर पाहिलं आणि थेट माझ्या डोळ्यांत बघत राहिली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की कोसमघाटला आल्यापासून माझ्या डोळ्यांत असं कोणी पाहिलंच नव्हतं.

८ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी आरोप वाचून दाखवला. बापूरावला विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याने एकदम खाली बसून जमिनीला कपाळ टेकलं.

"कबूल हाय, बाईसाहेब. मीच मारलं. मले फाशी द्या. फक्त माझ्या पोरीले सोडा."

मी म्हटलं, "उभे राहा. कोणत्या पोरीला?"

"रिनाले. सात वर्साची हाय. केस तुमच्याकडे आल्यापासून तिचे हातपाय ठनकून राह्यले. रडते, बाई, लय रडते. तुम्ही कुलदीपले 'जा' म्हनलं, त्याले वाघानं नेलं. शेठचं तोंड नेलं. मले काई करा, पन लेकराले काऊन?"

सरकारी वकील जागेवर बसून होते. लघुलेखकाने हात कीबोर्डवरून उचलले होते. मी आजूबाजूला पाहिलं. कोणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मागच्या दारातून एक माकड आत डोकावत होतं आणि त्याला हाकलायलाही कोणी हलत नव्हतं.

मग सगळंच उलगडलं. पायरीवरचे तांदूळ, तडजोडी, खरं बोलणारे साक्षीदार. माझं यश.

मी कबुलीजबाब नाकारला. भीतीपोटी दिलेली कबुली कायद्याने कबुली नव्हे. खटला पुराव्यावर चालेल, असा आदेश सांगितला. बापूराव म्हणाला, "म्हंजे सोडत नाई का तिले?" मी ओरडलेच. "तिला दवाखान्यात न्या! आज, आत्ता! रक्त तपासायला सांगा."

हातपाय ठणकणारं लेकरू म्हणजे इकडे पहिला संशय सिकलसेलचा, रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. आमच्या शेजारच्या घरात होता. बापूराव उठून अक्षरशः पळाला.

९ नोव्हेंबर

गुणवंतरावांना दालनात बोलावून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्याईलेच माहीत हाय, साहेब."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमाले कसं सांगनार? तुमालेच..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मी म्हटलं, "तुमचा विश्वास आहे का या गोष्टीवर?" त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "माझी नात तुमाले नमस्कार कराले यायचं म्हनत होती. मी नाई आनलं," म्हणाले आणि खाली बघत बाहेर गेले.

आईला फोन केला. वाटलं होतं, ती हसेल. आमच्या घरात भूतखेत कोणी मानत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं नदीत सोडलं, असं बाबा सांगतात. आईने सगळं ऐकलं. मग हळूच विचारलं, "दिव्या, तू त्या मानसाबद्दल मनात काई आनलं होतं का?"

मी फोन ठेवला.

काय आणलं होतं मनात? कुलदीप हसला तेव्हा राग आला होता, तेवढं आठवतं. राग नेमका कसला, किती, ते आठवत नाही. सकाळपासून तेच आठवायचा प्रयत्न करते आहे आणि प्रत्येक वेळी तो राग मला आधीपेक्षा मोठा दिसतो.

२० नोव्हेंबर

रिनाला सिकलसेलच निघाला. जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त दिलं, ती सुधारते आहे. मला केवढा आनंद व्हायला हवा होता.

पायरीवर आज नारळ होते. ढीग. बाईसाहेबांनी दुखणं काढून घेतलं, असं सगळ्या तालुक्यात झालं आहे. ती मेली असती तर मी मारली, असं झालं असतं. या दोन दगडांच्या मधली जागा शोधते आहे. सापडत नाही.

हा खटला दुसऱ्या कोर्टात पाठवावा म्हणून वरिष्ठांशी बोलले. ते हसले. "आरोपी तुम्हाला घाबरतो, हे कारण लिहून देणार? मॅडम, तुमच्याकडे साक्षीदार खरं बोलतात. चालू द्या."

१३ डिसेंबर

बुधरीची साक्ष. दात नसल्यामुळे शब्द निसटत होते, तरी तिने एकदाही आवाज चढवला नाही. बचावाच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही रात्री एकट्या रानात जायच्या, हे खरं आहे का?" ती म्हणाली, "जात होतो. घरात संडास नाई."

कोणी हसलं नाही. मला मात्र अंगण ओलांडून जाणारी मी आठवले, आणि उभं राहून वाट बघणारं कोर्ट.

त्यानंतर गावचे साक्षीदार आले, एकामागून एक. कोणी फितलं नाही. बापूरावच्या सख्ख्या भावानेही खरं सांगितलं. माझ्याकडे न बघता, भराभर, विस्तवावरून चालावं तसं.

१८ जानेवारी

निकाल दिला. तिघांनाही दोन वर्षं कारावास. शब्द न् शब्द पुराव्यावर बेतला आहे. डॉक्टरचा अहवाल, दोरी, साक्षी. उद्या कोणत्याही कोर्टात टिकेल.

निकाल वाचून झाल्यावर मी फाइल बंद केली आणि भरल्या कोर्टात सांगितलं, "मी तुमच्यासारखीच माणूस आहे. माझ्यात कसलीही शक्ती नाही. वाघ त्याच्या भुकेने येतो, आजार शरीरातून येतो. कोणाच्याही बोलण्याने, बघण्याने काही होत नाही. बुधरीबाईंच्याही नाही आणि माझ्याही नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर जाताना प्रत्येकाने हात जोडले.

दालनात गुणवंतराव पाणी घेऊन आले. "साहेब, ते शेवटचं बोलाले नव्हतं पाहिजे."

"का?"

"बुधरीबाई पन झाडाले बांधली होती तवा हेच म्हनत होती. माझ्यात काई नाई, माझ्यात काई नाई. ज्याईच्यात असते ना, साहेब, ते असंच म्हनतात."

२० जानेवारी

अपील करायला मुदत असते, तोवर तिघांना जामीन द्यावा लागला. कायदा तोच आहे. ते गावात परतले. बुधरीही तिथेच, त्याच गावात.

आज दुपारी ती फाटकाशी आली. पहाऱ्यावरचा शिपाई तिला अडवत नव्हता, लांब सरकून उभा होता. मीच बाहेर गेले.

तिने विचारलं, "बाई, इथी किती दिस राहाल?"

"तीन वर्षांनी बदली होते. त्याच्या आधीही होऊ शकते."

"मंग दुसरा साहेब येईल. मानूस."

"येऊ शकतो."

"मंग मले परत धरतील."

"बुधरीबाई, मी गेले तरी कायदा आहे ना."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आई शाळेतून रडत आलेल्या पोरीकडे बघते. "कायद्याले कोन भ्येते, बाई? तुमाले भ्येतात." मग जरा पुढे झुकून म्हणाली, "एकडाव गावात या. माझ्या घरी पानी पिऊन जा. मंग मी मरेपर्यंत मले कोनी हात लावनार नाई."

मी म्हटलं, असं करता येत नाही. ती "बरं" म्हणाली आणि चालू लागली. रस्त्यावरची माणसं तिला वाट देत होती.

२ फेब्रुवारी

बुधरीच्या कोंबड्या कोणीतरी मारून तिच्या दारात टाकल्या. रंजीताने तिच्या वतीने पोलिसांत तक्रार दिली. कोणी पाहिलं नाही, म्हणे. पोलिसांसमोर खोटं बोलायला अजून कोणी घाबरत नाही.

१४ फेब्रुवारी

येरमटोल्याला जाऊन आले.

तालुका विधी सेवा समितीची अध्यक्ष मीच असते. गावोगावी कायद्याची शिबिरं घेणं आमचं कामच आहे. येरमटोल्याचं नाव मी पुढे केलं. कागदोपत्री त्यात काहीही गैर नाही. अपील व्हायचं असताना फिर्यादीच्या घरचं पाणी पिणं गैर आहे, हेही मला माहीत होतं. आठ दिवस मी स्वतःशी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला आणि एकही निकाल पटला नाही.

शाळेच्या मैदानात सगळं गाव बसलं होतं. कुजबुज नाही, लेकराचं रडणं नाही. करणी नसते, संशयावरून बाईला हात लावला तर तुरुंग आहे, हे मी सांगितलं. रंजीताने गोंडीत सांगितलं, तिने जास्त चांगलं सांगितलं. माना डोलत राहिल्या. मी धानाच्या जाती म्हणून दाखवल्या असत्या तरी डोलल्या असत्या.

शिबिर संपलं. गाडीकडे जायचं सोडून मी विचारलं, "बुधरीबाई, पाणी मिळेल का?"

रंजीताने चमकून माझ्याकडे पाहिलं. एकच शब्द बोलली, "मॅडम..."

मी बुधरीच्या अंगणात बाजेवर बसले. तिने लोटाभर पाणी आणलं. मी प्यायले. उरलेलं ती प्यायली, त्याच लोट्याने. कुंपणाबाहेर सगळं गाव येऊन उभं होतं. बापूराव पुढेच होता. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि हातात धरून मान खाली घातली. त्यांना काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं. घटकाभरापूर्वी जे खोटं आहे असं मी ओरडून सांगितलं, तेच खरं आहे असं मी आता न बोलता सांगत होते. सांगावं म्हणूनच आले होते. आजपासून या बाईला कोणी हात लावणार नाही. ते कायद्यामुळे होणार नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक मुलगी आत आली. हडकुळी, मोठ्या डोळ्यांची, हातात पळसाचं फूल. मागून तिच्या आईने हाक मारली, "रिना!" त्या हाकेत राग नव्हता, नुसती भीती होती.

रिना माझ्यासमोर येऊन थांबली. डोळ्यांत पिवळसर झाक होती. मला तिचं कपाळ बघायचं होतं, गोळ्या घेतेस का विचारत केसांवरून हात फिरवायचा होता. हात उचललाही. आणि बाहेरची सगळी माणसं श्वास धरून उभी आहेत, हे मला ऐकू आलं. तिला उद्या ताप आला तर? नाही आला तरी?

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "फूल तिथे ठेव, बाळा," म्हटलं. तिने ते मातीवर ठेवलं आणि आईकडे पळाली.

बुधरी शेजारी उभी होती. लोटा पदराने पुसत, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी बी असंच करतो, बाई. लेकराले हात लावत नाई. लय साल झाले."